गुणवंता पेंटरची दुभाषी भिंत

सौंसरचा जिल्हा बदलला आणि गुणवंता सोमकुंवरला म्हातारपणी पुन्हा काम मिळालं.

तोवर सौंसर मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात होतं, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. मग पांढुर्णा स्वतःच जिल्हा झाला आणि सौंसर तालुका त्यात गेला. लोकांच्या रोजच्या जगण्यात त्यानं फार काही उलथापालथ झाली नाही. नागपूरच्या बसगाड्या तशाच भरून गेल्या, संत्र्यांचे ट्रक तसेच लागले. फरक पडला तो भिंतींना. शाळा, अंगणवाड्या, दवाखाने, सगळीकडं दर्शनी भिंतीवर 'जिला छिंदवाड़ा' लिहिलेलं होतं. ते पुसून 'जिला पांढुर्णा' करायचं होतं. फ्लेक्स छापणाऱ्यांचं इथं काही चालेना, कारण भिंत काही मशीनमधून निघत नाही. मग कुणाला तरी आठवलं, की गावात एक पेंटर होता आणि तो अजून आहे.

गुणवंता तेव्हा एकसष्ट वर्षांचा. सोळाव्या वर्षी नागपुरात एका पेंटरच्या हाताखाली लागला, तिथं पाच वर्षं डबे धुतले, दोरा आपटून रेघ पाडायला शिकला आणि सौंसरला येऊन स्वतःचं काम सुरू केलं. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या मागचे मोर, गाड्यांचे नंबर, संत्र्यांच्या पेट्यांवरचे मार्के, सगळं त्यानं केलं. अक्षर असं सुबक, की एका डॉक्टरनं घर बदललं तेव्हा भिंत खरवडून जुनं नाव सोबत नेता येईल का, असं विचारलं होतं. मग फ्लेक्स आले आणि दोन-तीन वर्षांत काम आटलं. मुलगा सागर पुण्याकडं नोकरीला लागला होता. बायको प्रमिला हंगामात संत्री निवडायच्या शेडमध्ये जायची. गुणवंता घरच्या ओट्यावर बसून रस्त्यावरच्या पाट्यांमधल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शोधायचा.

त्यामुळे जिल्हा बदलल्याचा आनंद झालेली माणसं पुष्कळ असतील, पण गुणवंतासारखा कुणालाच झाला नसेल. त्यानं निसनी, म्हणजे शिडी काढली, तिची सैल झालेली पायरी सुतळीनं आवळली, ब्रश रॉकेलमध्ये भिजत घातले आणि एकेक भिंत घ्यायला सुरुवात केली.

चुनाभट्टी मोहल्ला गावाच्या कडेला, लोधीखेड्याच्या रस्त्याकडं. टिनाची छपरं, एकेका खोलीचे भाडेकरू, बाहेरून कामाला आलेली माणसं. तिथल्या प्राथमिक शाळेत तो डिसेंबरात गेला. वीरेंद्र सर म्हणून एक शिक्षक होते, सतनाकडचे, पस्तिशीचे. दोन वर्गांची मुलं एकाच खोलीत घेऊन शिकवायचे. त्यांनी जिल्ह्याचं नाव दाखवलं आणि म्हणाले, "पेंटर साहब, जरा वो ऊपर वाला भी चमका दीजिए." वरचं म्हणजे भिंतभर लिहिलेलं वाक्य होतं: 'शिक्षा हर बच्चे का अधिकार है.' पावसानं फिकं झालेलं. पंधरा वर्षांपूर्वी गुणवंतानंच लिहिलेलं.

तो निसनीवर चढून निळा रंग भरत होता. शाळेच्या फाटकाशी, कडुलिंबाखाली, सहा-सात वर्षांची एक मुलगी बसलेली त्याला पहिल्या दिवसापासून दिसत होती. अंगात शाळेचा गणवेश नाही, हातात दप्तर नाही. वर्गात पाढे सुरू झाले की ही तिथंच ओठ हलवायची. दुसऱ्या दिवशी ती निसनीच्या पायाशी येऊन उभी राहिली आणि मान वर करून एकेक अक्षर लावून वाचू लागली.

"शि... क्षा. शिक्षा. आबाजी, इथं सगळ्यायले शिक्षा भेटते काय?"

गुणवंताचं लक्ष 'क्ष'च्या गाठीत होतं. "हो वं माय. सगळ्यायले भेटते."

"लहान पोट्ट्यायले बी?"

"लहानांयलेच तं भेटते. मोठं झाल्यावर कोन देते?"

"मले बी भेटन?"

"तुले बी भेटन. हमखास भेटन."

मुलीनं ते वाक्य पुन्हा एकदा लावून वाचलं. मग चपला हातात घेऊन निघून गेली. गुणवंताला वाटलं, आईनं हाक मारली असेल. तिसऱ्या दिवशी ती आली नाही. चौथ्या दिवशी त्याचं काम आटोपलं आणि तो दुसऱ्या शाळेवर गेला.

आठवडाभरानं प्रमिला शेडमधून घरी आली, हातपाय धुतले आणि चहा टाकता टाकता म्हणाली, "अवो, तुमी चुनाभट्टीच्या शाळेत कोन्या पोरीसंग बोलले होते काय?"

"कोन्ती पोरगी?"

"चंचल नावाची. तिची माय उर्वशी माह्या बाजूलेच बसते संत्री निवडाले. वरुडकडची हाये, मागच्या दिवाळीले आले इकडं. ते सांगून राहिली होती का पोरगी रोज फाटकापाशी जाऊन बसे, आता घराच्या बाहेरच निघून नाही राहिली. म्हणते, तिथं भिंतीवरच लिहून हाये, सगळ्या पोरायले शिक्षा द्याची म्हणून. आन निसनीवरच्या आबाजीनं बी सांगतलं, लहानांयले तं हमखास भेटते." चहा गाळून तिनं कप पुढं केला. "निसनीवरचा आबाजी म्हंजे तुमीच नं?"

गुणवंतानं कप घेतला, पण प्यायला नाही. पस्तीसेक वर्षं हिंदीत भिंती लिहून तो शब्द त्याच्यासाठी हिंदीचाच झाला होता. पण ती मुलगी गावी मराठी शाळेत पहिली शिकून आलेली. तिच्या शाळेत शिक्षा म्हणजे कान धरून बाहेर उभं राहणं. तिनं नीट वाचलं, नीट विचारलं, आणि त्यानं वरून हमखास सांगितलं.

"हासू नको," तो म्हणाला.

"मी कुठं हासून राहिली?" प्रमिला पदरानं तोंड पुसत म्हणाली.

रविवारी दोघं चुनाभट्टीत गेले. उर्वशीच्या घरी एकच खोली होती, पण झाडूनपुसून लख्ख. तिचा नवरा पंकज ट्रकवर पेट्या चढवायच्या कामाला जायचा, तोही घरी होता. त्यानं खाट टाकली, उर्वशीनं पाणी दिलं. चंचल पाण्याच्या ड्रममागं जाऊन बसली. नुसती वेणी दिसत होती.

"चंचल," गुणवंता ड्रमकडं तोंड करून म्हणाला, "माहं चुकलं. हिंदीत शिक्षा म्हंजे मार नाही. शिक्षा म्हंजे शिकनं. शिक्षण."

ड्रममागून आवाज आला, "मंग माराले काय म्हणते हिंदीत?"

"सजा."

"मंग तुमी शिक्षण काऊन नाही लिवलं? मले वाचता येते."

"सरकारनं जसं लिहून देलं तसं लिवलं मी."

"तुमी पाहिलं नाही काय, काय लिहून राहिलो म्हणून?"

"चंचल," उर्वशी दटावून म्हणाली. पण गुणवंतानं हात वर करून तिला थांबवलं. मुलीचं बरोबर होतं. त्यानं पाहिलं नव्हतं.

मग बोलता बोलता कळलं, की भीती गेली तरी अडचण उरतेच. चंचलचं नावच शाळेत नव्हतं. "सर वाईट माणूस नाही, काकाजी," पंकज म्हणाला. "पोरीले कधी हाकललं नाही. पण म्हणते, गावच्या शाळेची टीसी आना, समग्रचा नंबर आना. टीसी आनाले दोन चकरा झाल्या, भेटली नाही. आन समग्र म्हंजे सरकारी वळखीचा नंबर, तो तं मध्य प्रदेशवाल्यांचा राहते. आमी महाराष्ट्राचे, आमच्याजवळ कुठून येईन?"

गुणवंताला यातलं काही कळत नव्हतं. प्रमिलाला मात्र कुणाकडं जायचं ते माहीत होतं. "सोनालीले विचारू," ती म्हणाली.

सोनाली लोधीखेड्याची, अठ्ठावीस वर्षांची. बस स्टँडच्या मागं भाड्याच्या एका खोलीत तिघी बायका मिळून 'पाटी' नावाची संस्था चालवायच्या. संस्था म्हणजे काय, एक जुनी स्कूटी, एक कपाट आणि मोहल्ल्या-मोहल्ल्यांत फिरून शाळेबाहेरची मुलं शोधायचं काम. कुणाचा जन्मदाखला, कुणाची बँकेतली चूक, कुणाचा बाप शाळेत पाठवत नाही म्हणून त्याच्या कामावर जाऊन त्याच्याशी बोलणं, हे सगळं त्या करायच्या. गुणवंतानं तिथं जाऊन चंचलची अडचण सांगितली, पण खरं तर तो सांगायला आला होता त्याची चूक. सोनालीनं ती ऐकली आणि ती हसली नाही. तिनं उलट विचारलं, "काकाजी, हे वाक्य तुमी किती शाळांवर लिवलं असान?"

"चाळीस. पन्नास बी असान."

"त्याच्यामागं कायदा हाये. सहा ते चौदा वर्षांचं कोनतंही लेकरू आलं, तं कागद असो का नसो, शाळेनं नाव घ्याचंच. कागद मागून आनता येते. तेवढ्यासाठी लेकराले बाहेर बसवता नाही येत."

त्या वाक्यातलं कुठलं अक्षर किती बोटं उंच, 'अधिकार'मधला 'धि' कुठून वळवला म्हणजे ओळ भरते, हे गुणवंतानं डोळे मिटून सांगितलं असतं. त्याखाली फाटकाशी बसलेल्या मुलीचा त्या वाक्याशी काही संबंध असेल, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो सोनालीबरोबर शाळेत गेला. वीरेंद्र सरांनी दोघांना खुर्च्या दिल्या आणि स्वतः टेबलाला टेकून उभे राहिले. "मैडम, मैं तो आज चढ़ा दूँ नाम," ते म्हणाले. "पर पोर्टल लेता नहीं है. बिना नंबर के आगे ही नहीं बढ़ता. फिर मुझसे ही पूछते हैं."

"पोर्टल का हम देखेंगे, सर," सोनाली म्हणाली. "रजिस्टर में तो आपका पेन ही चलता है."

सरांनी जरा विचार केला, कपाटातून रजिस्टर काढलं आणि नाव लिहिलं. मग गुणवंताकडं रजिस्टर फिरवून म्हणाले, "देखिए, अक्षर आपके जैसा तो नहीं है."

टीसी पुढं महिन्याभरानं आली. समग्रच्या नंबरासाठी सोनालीला चार वेळा खेटे घालावे लागले. पण चंचल त्या आठवड्यातच वर्गात बसली. एका अटीवर. "आबाजी संग बसन तं जाईन," ती म्हणाली होती. शिक्षा म्हणजे शिक्षण हे तिनं मान्य केलं होतं, पण पूर्ण खात्री करून घ्यायची होती.

म्हणून एकसष्टाव्या वर्षी गुणवंता पहिली-दुसरीच्या वर्गात मागं भिंतीला टेकून बसला. गुडघे दुखतात म्हणून सरांनी त्याला एक पोतं दुमडून दिलं.

पहिल्याच तासाला सर म्हणाले, "सब लोग पीठ सीधी करके बैठो." जुनी मुलं ताठ झाली. चंचलनं आणि तिच्यासारख्याच दोन-तीन नव्या मुलांनी एकमेकांकडं पाहिलं. पीठ तर घरी डब्यात होतं, ते सरळ कसं करायचं? सरांनी चंचलजवळ येऊन तिचे खांदे धरून तिला ताठ बसवलं. मग हजेरी झाली. "मानसी आई?" असं सरांनी विचारलं, तर मागून एक मुलगी मन लावून म्हणाली, "नाही सर, तिची आई कामाले गेली." सर म्हणाले, मी मानसीचं विचारतोय. मुलगी म्हणाली, मानसी इथंच बसली आहे. सरांनी डोळ्यांवर हात ठेवला. दुपारी जेवताना त्यांनी एकाला सांगितलं, "पहले थाली खाली करो," तर त्यानं अर्धी भरलेली ताटली उचलून खाली जमिनीवर ठेवली आणि पुढच्या हुकुमाची वाट पाहत उभा राहिला. आणि शेवटच्या तासाला चंचलच उभी राहून हळूच म्हणाली, "सर, माहं पान संपलं."

"पान?" सर दचकले. "तू पान खाती है?"

वर्ग हसला. चंचलनं वही घट्ट छातीशी धरली.

गुणवंताला हसू आलं नाही. त्याला एकाएकी गावचा वर्ग दिसला, पन्नास वर्षांपूर्वीचा. रामाकोन्याजवळच्या खेड्यात तो दुसरीत दोनदा नापास झाला होता. मास्तर फळ्यावर लिहायचे आणि म्हणायचे, 'खाली जगह भरो.' आणि तो खाली, जमिनीकडं पाहायचा. तिथं भरायला काही नसायचं. मास्तर म्हणायचे, डोकं रिकामं आहे या पोराचं. घरीही तेच मानलं, आणि त्यानंही. पाचवीनंतर शाळा सुटली. अक्षरं आवडायची ती त्यांच्या आकारासाठी. शब्दांचा आपल्याला काही उपयोग नाही, असं त्यानं धरूनच चाललं होतं. त्या पोत्यावर बसल्या बसल्या त्याच्या ध्यानात आलं, की आपण मंद नव्हतो. आपल्याला फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

सुटी झाल्यावर मुलं गेली आणि तो सरांशी बोलला. मोडक्यातोडक्या हिंदीत नाही, चांगल्या हिंदीत. पीठ म्हणजे आमच्यात आटा. खाली म्हणजे नीचे. आई म्हणजे माँ. पान म्हणजे पन्ना. "वो बोल रही थी, कॉपी का पन्ना खतम हो गया, सर."

वीरेंद्र सर ऐकत राहिले. टेबलावर त्यांची डायरी होती. तिच्यात चार-पाच नावांपुढं त्यांनी 'कमजोर' लिहून ठेवलं होतं, आणि सगळी नावं घरी मराठी बोलणाऱ्यांची होती. "मतलब," डायरी मिटत ते म्हणाले, "मैं तीन साल से आधी क्लास में अपने आप से ही बात कर रहा था."

"ऐसा नहीं है, सर. धीरे-धीरे सीख जाते हैं बच्चे. पर जो बीच में भाग गया, वो गया."

सर उठले आणि वऱ्हांड्यात गेले. तिथं आतल्या बाजूला पंधरा हात लांब, पांढरी, मोकळी भिंत होती. "ये दीवार," ते म्हणाले, "इस पर सरकार का कुछ नहीं लिखा है."

भिंत अशी सुरू झाली. गुणवंताकडं जिल्ह्याच्या कामातले निळे-लाल डबे उरले होते. मधे चित्र, डावीकडं निळ्या रंगात हिंदी, उजवीकडं लाल रंगात मराठी. आणि त्यानं एक नियम केला, की पुस्तकातून शब्द काढून लिहायचे नाहीत. एखादं मूल खरोखर ज्या शब्दाला अडलं, तोच भिंतीवर जाईल. त्यामुळे पहिला मान 'शिक्षा'चा. पण त्याचं चित्र कसं काढायचं? सर म्हणाले, पुस्तक काढा. सोनाली म्हणाली, फळा काढा. चंचल म्हणाली, "मले काढा ना. दप्तर घेऊन." मग त्यानं लाल रिबिनीची, दप्तर घेतलेली मुलगी काढली. निळ्यात 'शिक्षा', लाल अक्षरांत 'शिक्षण'. त्याच्याच खाली कान धरून उभा असलेला एक मुलगा, निळ्यात 'सजा', लाल अक्षरांत 'शिक्षा'. तो मुलगा जरा वीरेंद्र सरांसारखा दिसतो, असं मुलं म्हणायची. गुणवंता म्हणायचा, योगायोग असेल.

त्यानंतर शब्दांची रांगच लागली. मुलं सकाळी आल्या आल्या सांगायची, आज मी इथं अडलो. चंचल त्यात सगळ्यांच्या पुढं. जी महिनाभर फाटकाशी ओठ मिटून बसली होती, ती आता सर बोलत असताना मधेच हात वर करायची, "सर, हा शब्द भिंतीचा हाये." सरही शिकू लागले. "खाली बसा" असं मराठीत म्हणायला लागले, तेही सतनाच्या हेलात, आणि मुलं मुद्दाम उभी राहून त्यांना दोनदा म्हणायला लावायची.

एक शब्द तर वहीतून आला. सर बरोबर आलेल्या गणिताखाली लाल पेनानं 'सही' लिहायचे. चंचलच्या वहीत प्रत्येक 'सही'च्या पुढं कुणीतरी वाकड्या अक्षरांत 'उर्वशी' लिहिलेलं दिसू लागलं. सरांनी विचारलं तेव्हा कळलं, की सर सही मागत आहेत असं समजून उर्वशी रोज संध्याकाळी लेकीकडून स्वतःचं नाव गिरवून घेत होती आणि मग सही करत होती. आधी ती अंगठा लावायची. सरांनी ही चूक दुरुस्त केली नाही. 'सही' हा शब्द भिंतीवर जाऊ द्यायला ते दोन महिने तयार नव्हते.

मार्चमध्ये पांढुर्ण्याहून एक अधिकारी तपासणीला आले. नवीन जिल्हा, नवीन कार्यालय, सगळीकडं फिरून पाहत होते. वीरेंद्र सरांनी गुणवंताला निरोप धाडला. तोही धुतलेला शर्ट घालून येऊन कोपऱ्यात उभा राहिला. भिंतीबद्दल विचारलं, तर काय सांगायचं, याची दोघांनाही चिंता होती. अधिकाऱ्यांनी बाहेरची भिंत नीट पाहिली. 'छिंदवाड़ा' कुठं राहून तर गेलं नाही ना, हे तपासलं. पाण्याची टाकी पाहिली. मग वऱ्हांड्यात येऊन थांबले.

"ये किस मद से हुआ?" म्हणजे खर्च कुठल्या खात्यातून, असं त्यांनी विचारलं.

"किसी मद से नहीं, सर," वीरेंद्र सर म्हणाले.

"तो मैं क्या लिखूँ?"

"कुछ मत लिखिए, सर."

अधिकारी 'पान'च्या चित्रापुढं उभे राहिले. एका बाजूला विड्याचं पान, दुसऱ्या बाजूला वहीचं. मग 'आई', मग 'पीठ'. एकेक करत ते टोकापर्यंत गेले. त्यांनी काही लिहिलं नाही. मोबाइलवर तीन फोटो काढले, चहा घेतला आणि पुढच्या शाळेकडं गेले. गाडी दिसेनाशी झाली तसे वीरेंद्र सर पायरीवर बसले आणि म्हणाले, "गुणवंता जी, अब वो 'सही' भी लिख ही दीजिए."

पुढच्या वर्षात सोनालीच्या संस्थेनं गुणवंताला आणखी शाळांवर नेलं. लोधीखेड्याकडं, रामाकोन्याकडं, पांढुर्ण्यातल्या दोन मोहल्ल्यांत. ती स्कूटी चालवायची, तो मागं निसनी न घेता फक्त डबे मांडीत धरून बसायचा. निसनी त्या त्या गावात मागून मिळायची. सगळीकडं जमलं असं नाही. एका शाळेत बाई म्हणाल्या, आमच्या मुलांना हिंदी छान येते. मुलं त्यांच्याकडं पाहत गप्प उभी होती. दुसऱ्या एका शाळेत पावसाळ्यानंतर पुताई झाली आणि सत्तावीस शब्द चुन्याखाली गेले. सोनालीला फार वाईट वाटलं. गुणवंता म्हणाला, "जाऊ दे वं. ह्या साली पोट्टे दुसरेच असान, शब्द बी दुसरेच असान." आणि त्यानं नव्यानं विचारायला सुरुवात केली.

पण नुसत्या भिंतीवर तो थांबला नाही. एप्रिलमध्ये प्रवेश सुरू झाले की तो सोनालीबरोबर घरोघरी जायचा. कागद नाहीत म्हणून मुलं घरी ठेवलेली माणसं भेटली, की खिशातून घडी घातलेला एक कागद काढायचा. त्यावर सोनालीनं त्याला कायद्याची ती ओळ मराठीत लिहून दिली होती. ती तो मोठ्यानं वाचून दाखवायचा, बोट अक्षरांखालून फिरवत. कधी लोक म्हणायचे, तुम्ही मास्तर आहात का? तो म्हणायचा, नाही, पेंटर. प्रमिला म्हणायची, "पाच वर्षं ओट्यावर बसून लोकांच्या चुका काढत होते. आता स्वतःच्या दुरुस्त करत फिरून राहिले." हे ती तक्रारीच्या सुरात सांगायची, पण डबा भरून द्यायची तीच.

पंकजला एका संत्रा व्यापाऱ्याकडं बारमाही काम लागलं आणि त्यांनी परत जायचा विचार सोडला. चंचल तिसरीत गेली. हिंदी ती आता सरांसारखं, थोडं सतनाच्या हेलात बोलते. रागावली की वरुडचं बोलते.

गेल्या जुलैत एका दुपारी तीच गुणवंताच्या ओट्यावर धावत आली. "आबाजी, चाला. एक नवीन पोरगी आली. ना हिंदी बोलते, ना आपलं बोलते. सर म्हणते, तुमाले बोलवून आन."

मुलगी तामियाकडची होती. आईबाप रस्त्याच्या कामावर आलेले. नाव फुलवती. घरी गोंडी बोलतात, एवढं सरांनी तिच्या बापाकडून काढून घेतलं होतं. ती वऱ्हांड्यात भिंतीला पाठ लावून बसली होती, आणि भिंतीवरच्या इतक्या चित्रांपैकी एकही तिच्या कामाचं नव्हतं. निदान तिच्या भाषेतल्या नावासकट नव्हतं.

गुणवंताला गोंडी येत नव्हती. तो तिच्यासमोर फरशीवर बसला. गुडघे कुरकुरले. त्यानं भिंतीवरच्या माठातल्या पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं आणि नुसतीच भुवई वर केली.

मुलीनं चित्राकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. चंचलनं तिला कोपरानं हळूच ढोसलं.

"येर," ती म्हणाली.

"एर," गुणवंता म्हणाला.

मुलीनं नाही म्हणून मान हलवली. "येर."

"येर."

आता तिनं होकारार्थी मान हलवली, आणि मग तिनंच पुढं होऊन दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. वर्गात वीरेंद्र सर पाढे घेत होते. गुणवंतानं खिशातून पेन काढलं आणि ऐकलं तसं तळहातावर लिहून घेतलं. दोन रंग भिंतीवर होतेच. तिसरा कुठला घ्यायचा, हे त्यानं तिलाच विचारायचं ठरवलं. त्यानं सोबत आणलेल्या पिशवीतून तीन डबे काढून तिच्यासमोर ठेवले, एकेकाचं झाकण उघडलं आणि थांबला. फुलवतीनं तिन्हींत वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि हिरव्यावर बोट टेकवलं. बोट हिरवं झालं. ते तिनं फ्रॉकला पुसलं.

"हे बी लिहून ठेवा आबाजी," चंचल म्हणाली. "हिरव्याले काय म्हणते ते पहिले विचारा."